चार नंबरचं इंजिन

त्या विमानाचा मला कंटाळा आला होता, हे आधीच सांगून टाकते. माणसाचा येतो तसाच. लग्न होऊन माण तालुक्यातल्या या उघड्या माळावर आले, तेव्हापासून माझ्या संसारात सासूबाई, मेंढरं आणि ते विमान. विमान राहायचं पुण्याच्या तळावर, पण घरात बोलणं त्याचंच. आमचे हे त्याच्यावर फ्लाइट इंजिनिअर होते. चार इंजिनं, त्यांचं तेल, पेट्रोल, कुठलं तापलं, कुठलं रुसलं, सगळं यांच्याकडं. सुट्टीवर आले की गूळ-पाणी होतंय न होतंय तोच इंजिनांची खुशाली सुरू. माझं माहेर तासगावचं. तिकडं द्राक्षांचे मळे नुकते लागत होते, बहिणी वेलीखाली बसून गप्पा मारायच्या, आणि मी इथं वाळल्या कुसळात बसून सिलिंडरच्या गोष्टी ऐकायची.

तशी त्या विमानाची हकीकत ऐकण्यासारखी होती, नाही म्हणत नाही. अमेरिकेत बनलेलं, बॉम्ब टाकायचं विमान. महायुद्धात गोऱ्यांनी ते ब्रह्मदेशावर नेलं. लढाई संपल्यावर असली कितीतरी विमानं कानपूरच्या मैदानात उभी केली आणि जाताना मोडूनतोडून ठेवली, मागं कुणी उडवू नयेत म्हणून. आपल्या लोकांनी एकाचा पंख, दुसऱ्याची शेपटी, तिसऱ्याचं इंजिन असं करत ती पुन्हा उभी केली. यांचं विमान त्यातलंच. रंग उडाला की खाली गोऱ्यांनी काढलेली बॉम्बची बारकी चित्रं दिसायची, एका खेपेला एक चित्र. ती खेप कुणाच्या घरावर पडली असेल, असं मी एकदा विचारलं. हे म्हणाले, ते आम्हांला तरी कुठं ठाऊक. आपल्याकडं आल्यावर पहिली काही वर्षं बॉम्बची तालीम झाली, मग नुसती समुद्रावरची गस्त. सकाळी उठून कोकण ओलांडायचं, दिवसभर पाण्यावर चकरा मारायच्या, बोटी बघायच्या आणि परत यायचं. पासष्टच्या लढाईतही यांनी पाणीच बघितलं.

एकदा तळावर बायकामुलांना बोलावलं होतं, तेव्हा मी ते बघितलं. गाभण म्हशीसारखं पोट आणि मागं दोन शेपट्या. आत शिरले तर पेट्रोलचा वास डोक्यात गेला. पोटातून पुढं-मागं जायला वीतभर रुंदीची पट्टी, पाय घसरला तर खाली बॉम्बची दारं. वास साठू नये म्हणून उडताना ती दारं थोडी उघडी ठेवतात, असं हे कौतुकानं सांगत होते. यांची जागा दोन्ही पायलटांच्या पाठीशी, समोर नुसते काटेच काटे. मी म्हटलं, एवढे काटे कसे बघता? तर हसून म्हणाले, "काटा हलायच्या आधी कान सांगतो."

तिथंच मोठ्या पायलटसाहेबांची बायको भेटली. साहेब सांगलीचे, शहरातली शिकलेली माणसं. तिला दिवस गेले होते. तिनं मला हळदी-कुंकू लावलं, ओटी भरली आणि म्हणाली, "तुमचे हे मागं बसलेले असतात ना, म्हणून मी इकडं निर्धास्त असते." चारचौघींत आपल्या माणसाचं असं कौतुक झालं की कुणाला बरं वाटणार नाही? मला वाटलंच. पण ते वाक्य पुढं मला फार जड गेलं.

आता आमच्याकडची रीत सांगायला हवी. सासूसमोर सुनेनं नवऱ्याशी मोठ्यानं बोलायचं नाही. नावाचा तर प्रश्नच नाही. पदर सावरायचा, तोंड जरा बाजूला करायचं आणि हळूच म्हणायचं, पाणी काढलंय, भाकरी झाली. एवढंच. बाकीचं मेंढरांच्या वाड्यात, नाहीतर शेतात. माझी सगळी उमेदीची वर्षं अशी कुजबुजण्यात गेली. आणि यांना ते बरोबर ऐकू यायचं. मी चुलीपुढं पुटपुटले तरी ओट्यावरून हुंकार यायचा.

तो हुंकार यायचा बंद झाला. मला वाटलं, रागावलेत. दोन सुट्ट्या मी माझ्या चुका शोधण्यात घालवल्या. सासूबाई म्हणाल्या, पुण्याचं पाणी लागलंय त्याला, आता तो साहेब झालाय. मीही तेच धरून बसले, आणि आतल्या आत धुमसत राहिले.

मग एक दिवस शेजारच्या विहिरीवरचं डिझेलचं इंजिन बिघडलं. आधी ठसकायला लागलं, मग धापा टाकायला लागलं. सासूबाईंनी निवडता निवडता सूप थांबवलं, गल्लीतल्या बायका दारात आल्या. हे ओट्यावर सुतळी वळत बसले होते. पूर्वी असं झालं असतं तर यांनी बसल्या जागेवरून सांगितलं असतं काय बिघडलंय ते, आणि लगोलग पळत गेले असते. हे सुतळी वळत राहिले. इंजिन बंद पडलं, तरी यांचं डोकं वर झालं नाही. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, तो हुंकार का बंद झाला ते.

संध्याकाळच्या आधी यांना वाड्यात गाठलं. तिथं मेंढरांशिवाय कुणी नव्हतं. मी मोठ्यानं विचारलं, कधीपासून? आधी कशाचं काय म्हणून उडवून लावलं, मग खाली बसले. लय दिवस झाले म्हणाले. इतकी वर्षं चार-चार इंजिनं कानाशी, दुसरं काय होणार. मी म्हटलं, अहो, पण डॉक्टर तपासतात ना? तर म्हणाले, डॉक्टर पाठीमागं उभे राहून कुजबुजतात आणि आपण तेच म्हणायचं, पण समोरच्या कपाटाच्या काचेत डॉक्टरांचे ओठ दिसतात. हे सांगताना हसले सुद्धा. मला असा संताप आला. मी म्हटलं, कपाट विमानात पण बसवलंय का?

भांडण झालं. काटे दिसतात की मला, असं हे म्हणत राहिले, आणि काट्याआधी कान सांगतो हे कुणी सांगितलं होतं, असं मी. शेवटी म्हणाले, विमान म्हातारं झालंय, एवढं निवृत्त होईस्तोवर कळ काढ. त्याच्याबरोबरच उतरतो. मी कुणाला सांगितलं नाही. पण त्या विमानात एकटे हे नव्हते, आठ माणसं होती. रात्रंदिवस मला ती सांगलीची बाई दिसायची, पोटावर हात ठेवून निर्धास्त बसलेली.

त्या साली गावच्या जत्रेला यांनी विमानातल्या सगळ्यांना मटणाला बोलावलं. आमच्याकडं जत्रेला दोस्त जेवायला आणणं म्हणजे मोठा मान. साताऱ्यापर्यंत एस.टी.नं आणि पुढं कुणाच्या तरी जीपनं सगळे आले. दुपारी ओसरीवर पंगत बसली. पायलटसाहेब यांच्या शेजारी. मी पदर पुढं ओढून वाढत होते. परक्या पुरुषांच्या पंगतीत सुनेनं बोलायचं नाही, ही रीत तर सासूपुढच्या रीतीहून कडक. साहेब खुशीत होते. मुलगा झाला म्हणून त्यांनी सांगितलं, पुढच्या महिन्यात बारशाला या म्हणाले. मी हातातली रश्श्याची वाटी खाली ठेवली.

मी यांच्या पाठीमागं उभी होते. साहेबांकडं बघून, नेहमीच्याच आवाजात म्हणाले, "साहेब, यांना ऐकू येत न्हाई."

पंगतीतले सगळे हात थांबले. सासूबाई दारात होत्या, त्यांनी पदर तोंडाला लावला. सगळे यांच्याकडं बघत होते. आणि यांनी खाली मान घालून रश्श्यात भाकरी कुस्करली, ताटातून वर न बघता म्हणाले, "आनि एक भाकर वाढ की."

मी वाढली. अजून ती भाकरी माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. साहेब थोड्या वेळानं हात धुवायला म्हणून उठले, यांच्या मागं येऊन थांबले आणि यांना रोज मारायचे ती हाक हळूच मारली. हे जेवत राहिले. साहेब परत येऊन बसले आणि ताटातलं सगळं संपवलं.

पुढच्या महिन्यात यांना विमानातून उतरवलं आणि तळावरच सामानाच्या कोठारात बसवलं. कुणामुळं, ते यांना कळायला वेळ लागला नाही. सुट्टीवर यायचे, आईशी बोलायचे, मेंढरांशी बोलायचे, माझ्याशी नाही. सासूबाई तर येताजाता म्हणायच्या, नवऱ्याला भर पंगतीत बहिरा म्हणणारी बाई बघितली नव्हती. मी ऐकून घ्यायची. आणि ते विमान? ते उडतच होतं. यांच्या खुर्चीत नवा माणूस बसला, आणि म्हातारं विमान कोकण ओलांडून जात होतं, येत होतं, काही म्हणता काही होत नव्हतं. यांचं गप्प बसणं मला तेच सांगायचं, बघ, काय झालं? विमान पडावं असं कोण म्हणेल? पण ते न पडता उडत राहिलं आणि मी खोटी पडत राहिले. असा शिणवटा कामानंही येत नाही. एवढं असूनही सांगते, तशी पंगत पुन्हा बसली तर मी पुन्हा तेच बोलेन.

साठीचं दशक संपत आलं तेव्हा ती विमानं मोडीत काढायचं ठरलं. पायलटसाहेबांनी यांना शेवटच्या फेरीला सोबत घेतलं, नुसतं बसायला. उत्तरेत कुठंतरी नेऊन सोडायचं होतं विमान. तिथून हे रेल्वेनं आणि एस.टी.नं थेट गावाला आले. दुपारची वेळ होती. पिशवी ओट्यावर ठेवली, चपला काढल्या आणि खांबाला टेकून बसले. सासूबाई पलीकडं शेंगा फोडत होत्या. मी पाण्याचा तांब्या पुढं ठेवला आणि वळले.

"थांब जरा," हे म्हणाले. इतक्या दिवसांनी माझ्याशी बोललेला पहिला शब्द.

मग माळाकडं बघत सांगायला लागले. "वाटंत चार नंबरचं इंजान बिगाडलं. समद्यांनी एकदम माना वळिवल्या. समद्यांनी आयकलं. मी खिडकीतनं ढग बघत बसलो हुतो." तांब्यातलं घोटभर पाणी प्यायले. "माज्या जागंवरच्या पोरानं काटा हलायच्या आदी ते बंद केलं. तीन इंजनांवर उतरलो. मी तितं असतो तर आग लागंस्तवर काट्याकडं बघत बसलो असतो."

त्यांचे डोळे भरले होते. माझेही भरले. इतक्या वर्षांचं काहीबाही बोलायचं होतं मला, ओरडायचंही होतं. पण सासूबाई समोर होत्या. मी सवयीनं पदर सावरला, तोंड बाजूला केलं आणि हळूच म्हटलं, हात धुवा, वाढते.

यांनी माझ्याकडं बघितलं. "काय?"

मी पुन्हा तसंच म्हटलं. सासूबाईंनी हातातल्या शेंगा सुपात टाकल्या.

"मोट्यानं बोल गं बाई," त्या म्हणाल्या. "त्येला ऐकू येत न्हाई."

मग मी ओट्यावर उभी राहिले आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल असं म्हणाले, "आवं, जेवाय चला."

हे उठले आणि हात धुवायला गेले.