स्मिताने करून घेतलेली तयारी

परीक्षा म्हटलं की स्मिता रिसबूडच्या अंगात वारं शिरायचं. मग ती परीक्षा पियानोची असो, मंडळातल्या गीतापाठाची असो, नाहीतर पोहण्याच्या क्लासातली असो. "पोराला उद्या शिंक येणार असली तरी तू आदल्या दिवशी रिहर्सल करून घेशील," असं मी तिला चिडवायचे. ती खळखळून हसायची आणि म्हणायची, "राधिका, तयारी केलेल्याचं कधी वाईट झालेलं मी तरी पाहिलं नाही बाई."

तिचं बालपणच तसं गेलं होतं. चिंचवडला तिची आई घरातल्या हॉलमध्ये स्कॉलरशिपचे क्लास घ्यायची. स्मिता स्वतः परकर-पोलक्यात होती तेव्हापासून लहान मुलांकडून पाढे म्हणून घ्यायची. पुढे गणितात एमएस्सी केलं, कॉलेजात शिकवायला लागली, आणि श्रीनिवासशी लग्न करून सिंगापूरला आली. श्रीनिवास तांजोंग पगारला एका बँकेच्या आयटीत मॅनेजर. नवऱ्याच्या नोकरीवर मिळालेल्या व्हिसाच्या पासवर हिला नोकरी करता येईना. एवढी हुशार बाई, एवढा उत्साह, आणि समोर विद्यार्थी एकच! तो म्हणजे रुचिर.

आम्ही बुकित तिमाहला एकाच कॉन्डोत राहतो, ती वरच्या मजल्यावर, मी खाली. मी विमा कंपनीत आहे. क्लब, शाळा, खेळांच्या लीग यांच्या जबाबदारीचा विमा आमच्याकडे असतो. कुणी पडलं, कुणाला लागलं, तर चूक कुणाची आणि भरपाई कुणी द्यायची, हे बघणं माझं काम. त्यामुळे खेळाच्या मैदानाकडे मी कधी सरळ नजरेने बघूच शकत नाही.

रुचिर दहावीत गेला तेव्हा त्याच्या इंटरनॅशनल स्कूलमधल्या कौन्सेलरने सांगितलं की अमेरिकेच्या कॉलेजात जायचं तर गणित आणि पियानो सगळ्याच भारतीय मुलांकडे असतं, काहीतरी वेगळं दाखवा. मुलगा अंगापिंडाने भक्कम, खांदे असे रुंद की दारातून तिरका येतो की काय वाटावं. त्याला अमेरिकन फुटबॉलमध्ये घेतलं. हा फुटबॉल पायाने मारायचा नव्हे. डोक्यात हेल्मेट, खांद्यावर ढाली बांधायच्या आणि समोरच्याला धावत जाऊन धडकायचं.

"अरे श्रीनिवास, हे काय खूळ?" मी विचारलं होतं. "शिर सलामत तर पगडी पचास, ऐकलंयस ना?"

"हेल्मेट असतं गं," तो म्हणाला. "आणि सगळं अमेरिकन पद्धतीने असतं. शिस्तीत."

हेल्मेटने कवटी वाचते, आतला मेंदू तसाच हिंदकळतो, हे मी त्याला सांगितलं. अमेरिकेत म्हातारे झालेले खेळाडू घराचा रस्ता विसरतात आणि लीगवर खटले भरतात, तेही सांगितलं. तो म्हणाला, "ते वीस-वीस वर्षं खेळलेले असतात. याला दोन वर्षं खेळायचंय."

सीझन सुरू व्हायच्या आधी शाळांच्या फुटबॉल लीगचा फिजिओ प्रत्येक मुलाची एक चाचणी घेतो. दहा शब्द ऐकवतो आणि ते परत म्हणायला लावतो. आकडे उलटे म्हणायचे, महिने डिसेंबरपासून मागे म्हणायचे, एका पायावर उभं राहायचं. तब्येत ठणठणीत असतानाचं ते माप. पुढे डोक्याला मार बसला तर पुन्हा तीच चाचणी घ्यायची आणि किती घसरला ते बघायचं. या पहिल्या मापात पास-नापास काही नसतं.

पण स्मिताच्या कानावर 'टेस्ट' एवढंच पडलं. "सिलॅबस काय?" तिने फिजिओला विचारलं. तो म्हणाला, मॅडम, तयारी करायची नसते. स्मिता मला म्हणाली, "सगळे असंच म्हणतात आणि गुपचूप करून घेतात." तिने इंटरनेटवरून त्या चाचणीचे सगळे शब्दसंच शोधून काढले. प्रत्येक संचाची एक गोष्ट रचली, आईकडून शिकलेली युक्ती, म्हणजे शब्द एकामागून एक आपोआप आठवावेत. बस-स्टॉपवर महिने उलटे, लिफ्टमध्ये आकडे उलटे, भात वाढताना दहा शब्द. रुचिर करवादायचा, "Aiyo Aai, enough lah!" पण म्हणायचा सगळं. फिजिओ थक्क झाला. मीही हसले. तेव्हा हसण्यासारखंच होतं ते.

मग ती मॅच झाली. मी गेले होते, स्मिताने ओढून नेलं म्हणून. मध्येच शाळेचा विजेच्या धोक्याचा भोंगा वाजला, दिवा फिरायला लागला आणि दोन्ही टीम धावत छपराखाली आल्या. तो भोंगा वाजल्यावर एखादा मुलगा मैदानात राहिला तर शाळा गोत्यात येते, त्यामुळे कुणीही वाद घालत नाही. आभाळ निवळलं आणि खेळ पुन्हा सुरू झाला. त्यानंतर लगेचच रुचिर एका दांडग्या मुलाला धडकला. आवाज फार मोठा नव्हता. तो उताणा पडला आणि त्याचे दोन्ही हात कोपरात वाकून तसेच हवेत राहिले. स्मिता म्हणाली, "उठतोय, उठतोय बघ." उठला, आणि ओकला.

डॉक्टरांनी विश्रांती सांगितली. शाळा नको, फोन नको, धावणं नको. पुन्हा खेळायचं तर आधी ती चाचणी. आणि पुढच्या महिन्यात अमेरिकेतल्या एका कॉलेजचा कोच मुलं बघायला येणार होता.

स्मिताने पडदे ओढले, सूप केलं, डोक्याला तेल लावलं, सगळं केलं. आणि तो जरा उठून बसायला लागल्यावर ती उजळणी घेऊ लागली. मी डबा घेऊन वर गेले तर बेडरूममधून आवाज येत होता, डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर. माझं डोकंच फिरलं.

"स्मिता, अगं काय करतेयस तू? ही नापास व्हायचीच परीक्षा आहे! बरा नसेल तर त्याला नापासच व्हायला हवं, म्हणून तर घेतात ती!"

"माझा मुलगा नापास होणार नाही," ती म्हणाली.

"अगं त्याचा मेंदू आहे तो. विषाची परीक्षा कशाला घेतेस?"

"मेंदूलाच व्यायाम देतेय. पडून राहून गंज चढतो." आणि मग एकदम आवाज चढवून म्हणाली, "तुझ्या ऑफिसात सगळ्या मेलेल्या आणि मोडलेल्यांच्या फायली येतात. तुला सगळीकडे तेच दिसतं. माझ्या घरात नाक खुपसू नकोस."

रुचिर पास झाला. पहिल्यापेक्षा दोन मार्क जास्त. स्मिताने पेढे वाटले.

अबोला आम्हा दोघींचा, पोराचा नव्हे; त्या आठवड्यात तो माझ्याकडे जेवायला होता. जेवताना मी सहज म्हटलं, पंधरावा अध्याय येतो का रे अजून? त्याने सगळा म्हणून दाखवला, एकही अक्षर अडलं नाही. नंतर विचारलं, "मावशी, बाबा कधी येणारेत?" श्रीनिवास जकार्ताला गेला होता, मी सांगितलं, शुक्रवारी. आमटी वाढली तेव्हा त्याने परत विचारलं. ताक दिलं तेव्हा परत. दर वेळी तसाच पहिल्यांदा विचारल्यासारखा चेहरा. दिवा डोळ्यांना लागतो म्हणून तो कपाळावर हात धरून जेवत होता. मी उठून किचनमध्ये गेले. जुनं सगळं जागेवर होतं आणि नवं काही टिकत नव्हतं, आणि ती चाचणी आता त्याच्यासाठी जुनी झाली होती.

मी फिजिओला फोन केला. अतिशय सभ्यपणे त्याने सांगितलं की विद्यार्थ्याबद्दल पालकांशिवाय कुणाशी बोलता येत नाही, आणि मुलगा चाचणीत उत्तीर्ण असल्याची नोंद आहे. त्याचं चुकलं असं मी म्हणू शकत नाही. उद्या काही झालं असतं तर लीगच्या वकिलाने हेच वाक्य पुढे केलं असतं. श्रीनिवासला फोन केला. तो म्हणाला, "राधिका, डॉक्टर आहेत, फिजिओ आहे. ते जबाबदार आहेत ना? मग आपण कशाला घाबरायचं?"

आणि त्याच सुमारास आमच्या ऑफिसात त्या लीगचा विमा नव्याने करायला आला. अमेरिकेतल्या खटल्यांचे निकाल बघून आमचे वरचे लोक धास्तावलेलेच होते. त्यांनी ठरवलं, बाकी हात-पाय मोडले तर देऊ, डोक्याची दुखापत आता विम्यात नाही. मी खोटं कशाला बोलू, मला इतका आनंद झाला की संध्याकाळी मी मुद्दाम खाण्याच्या टपऱ्यांच्या हॉकर सेंटरला थांबून एकटीने कॉफी प्यायले. विमा नाही म्हटल्यावर शाळा मैदान देईना, लीगने सीझन रद्द केला. सुटला पोरगा, असं मी मनात म्हटलं.

आठवडाभराने स्मिता दारात. हातात साबुदाण्याच्या खिचडीचा डबा. तिला अबोला झेपत नाही. "रागावलीस? मी जरा जास्तच बोलले," ती म्हणाली. मी तिला आत घेतलं, आणि खिचडी खाता खाता तिने सांगितलं की मॅच होणार आहे. एका अमेरिकन मुलाच्या वडिलांनी पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप केला होता. क्लेमेंटीला सरकारी घरांच्या ब्लॉकच्या मागे जे मोकळं मैदान आहे तिथे शनिवारी सकाळी. तो कॉलेजचा कोच आलाच आहे तर खाजगीत बघेल. सगळ्या पालकांनी ग्रुपवर लिहून दिलं होतं, ज्याची त्याची जबाबदारी.

"आणि फिजिओ?"

"तो लीगचा होता ना. लीगच नाही आता."

"अँब्युलन्स?"

"अगं फोन केला की येते." मग लाडात येऊन म्हणाली, "आणि बरं का, या वेळी टेस्टच नाही! पोराची कटकट वाचली."

आमच्या कंपनीने हात झटकले होते, शाळेने झटकले, लीगने झटकले, आणि खेळ जसाच्या तसा चालू होता. फक्त बघणारं कुणी उरलं नव्हतं.

शनिवारी मी गेले. थांबवायलाच गेले होते. कडक ऊन, दमट हवा, कडेच्या बाकावर दोन चिनी आजोबा पेपर वाचत बसलेले. रुचिर हेल्मेट हातात घेऊन उभा होता. मी त्याच्याजवळ गेले.

"रुचिर, बाळा, तुला खेळायचंय का खरंच?"

"Of course lah, Maushi." मग जरा थांबून हळूच म्हणाला, "आज कुणाशी आहे?"

स्मिता शेजारीच होती. तिने ऐकलं. सकाळपासून त्याने तिला हे किती वेळा विचारलं होतं देव जाणे, कारण तिला आश्चर्य वाटलं नाही. ती घाबरली. तिच्या डोळ्यांत मला भीती दिसली, स्वच्छ, आणि ती भीती आजची नव्हती.

"स्मिता, अजून वेळ आहे. नाही म्हण."

"टेन्शन आलंय त्याला," ती म्हणाली. "कोच बघतोय ना." तिने त्याच्या हेल्मेटचा पट्टा स्वतःच्या हाताने लावला. तो दोनदा निसटला. मी तिचा दंड धरला, तिने तो सोडवून घेतला.

खेळ सुरू झाला. रुचिर चांगला खेळत होता, त्याचं शरीर सगळं शिकलेलं होतं. एक धडक, दुसरी धडक. मग अंगावर अंग पडलेल्या ढिगाऱ्यातून मुलं उठली, सगळ्यात शेवटी तो उठला. या वेळी हात हवेत राहिले नाहीत, ओकला नाही, काही नाही. छान ताठ चालत गेला आणि समोरच्या टीमच्या रांगेत जाऊन उभा राहिला. गुडघे वाकवून, हात टेकून, अगदी तयारीत. मुलं हसायला लागली. कुणीतरी ओरडलं, "Wrong side, bro!" स्मिताला खेळातलं काही कळत नाही. लोक हसताहेत म्हणून तिने टाळ्या वाजवल्या.

"स्मिता," मी म्हटलं, "तो आपल्या टीमकडे नाहीये."

टाळ्या थांबल्या. ती चपला तिथेच टाकून मैदानात धावली. मी तिच्या मागे. कोच ओरडत होता, मुलं बाजूला झाली. तिने रुचिरच्या हेल्मेटची जाळी दोन्ही हातांनी धरली आणि त्याचं तोंड आपल्याकडे वळवलं.

"रुचिर, इकडे बघ. काही आठवायचं नाही, काही म्हणून दाखवायचं नाही. फक्त बघ माझ्याकडे. मी आहे."

त्याने बघितलं. वळण चांगलं लावलं होतं तिने, तो कुणाशी कधी उद्धट बोलला नाही. अनोळखी बाईशी बोलावं तसं, अदबीने, थोडं ओशाळून तो म्हणाला, "Sorry, Auntie. Can I go and play?"