पेनवॉर्डनसाहेबांचा परिचय

कुवेतमधल्या अबू हलीफाच्या छोट्या मराठी मंडळात प्रमुख पाहुण्यांचा परिचय अकरा वर्षं वीणाच वाचत आली होती. दवाखान्यात रक्त तपासणारी बाई, पण आवाज खणखणीत. २००४च्या महाराष्ट्र दिनाला अध्यक्ष शरदरावांनी कागद हातात दिला आणि नाव बघून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सर ऑब्री पेनवॉर्डन.

"हा माणूस? जयरामच्या अहवालावर याचीच सही आहे."

"वहिनी, तीन वर्षं झाली. हॉल कंपनीनं दिलाय. तुम्ही नुसतं वाचा हो."

कंपनीत तेलाच्या टाकीत उतरण्याआधी आतला वायू तपासून परवाना भरतात. तिच्या नवऱ्याचा, जयरामचा, परवाना कोरा होता. तरी त्याला उतरवलं. तो गुदमरून मेला आणि अहवालात लिहिलं, 'स्वतःच्या निष्काळजीपणामुळे'. ते वाक्य बदला म्हणून वीणानं तीन अर्ज दिले. उत्तर नाही. परवा पोरगी जुईली विचारत होती, "आई, वॉज इट बाबाज फॉल्ट?"

वीणा माइकपाशी गेली. वाचू लागली. बाप वारल्यावर सव्विसाव्या वर्षी घराण्याची 'सर' ही पदवी आपसूक मिळाली. पार्लमेंटात नऊ वर्षं. भाषणं चार, त्यातलं एक बदकांच्या शिकारीवर. ब्याण्णवला निवडणूक हरले, मग कुवेतला कंपनीचे सुरक्षा सल्लागार म्हणून आले. जन्मात पान्याला हात न लावलेला माणूस! 'सुरक्षेच्या क्षेत्रात मोलाचं कार्य' या ओळीपाशी तिनं कागद चुरगाळला.

"यांचं कार्य मी सांगते. परवाना कोरा होता. तरी यांनी माझ्या मेलेल्या नवऱ्याला निष्काळजी ठरवलं. ते वाक्य यांनी खोडावं."

परिचय संपला की पाहुण्यानं उठून नमस्कार करायचा, एवढं साहेबांना शिकवून ठेवलेलं. ते उठले, हात जोडले, गोड हसले. शरदराव घाईघाईनं शाल घेऊन पुढे झाले.

"थांबा काका." पहिल्या रांगेतून जुईली उठली. घरीदारी आईला इंग्रजीत उत्तरं देणारी ती पोर. आईचं बोलणं तिनं साहेबांना इंग्रजीत सांगितलं. सगळं. एक शब्द गाळला नाही.

साहेबांचे जोडलेले हात सुटले. त्यांनी शरदरावांकडे पाहिलं.

"त्यांच्याकडे काय बघता?" वीणा माइकवरून म्हणाली. "जुईली, हेही सांग."