चारठाण्याची लाइन

सुकेशनी आमच्या दवाखान्याचं नेटवर्क सांभाळते. परभणीत मोठा दवाखाना, पाथरी आणि चारठाण्याला एकेक छोटं केंद्र. तिन्हीकडचे कॉम्प्युटर आणि फोन एकमेकांना जोडलेले ठेवायचे, हे तिचं काम. नेट चालू असलं की तिची कुणाला आठवण होत नाही आणि बंद पडलं की सगळे तिच्या नावानं शंख करतात. औषधांच्या खिडकीवर बसणारा मीही त्यातलाच. दुपारी ती सर्व्हरच्या खोलीत डबा उघडते. तिथल्या एसीत हाडं गारठतात, यंत्रांची घरघर डोकं उठवते. मला त्या खोलीची चीड आहे. तरी मी माझा डबा घेऊन जातो, कारण एकट्या माणसाचं जेवण मला बघवत नाही.

तिचे वडील किशनराव निवृत्त शिक्षक. चारठाण्याला एकटेच राहतात. बायको, चांगुणाबाई, गेल्यावर त्यांनी मोबाईल बंद करून कपाटात ठेवला तो ठेवलाच. मात्र बाजाराच्या दिवशी भाजीची पिशवी घेऊन ते आमच्या केंद्रात बीपी दाखवायला येतात आणि तिथली नर्स प्रियांका टेबलावरचा फोन लावून त्यांच्या हातात देते. बापलेकीचं बोलणं होतं ते एवढंच. सुकेशनी गावी जाते कधीमधी, पण समोरासमोर बसलं की दोघंही आईच्या रिकाम्या खाटेकडे बघत राहतात आणि विचारायचं ते राहूनच जातं. विचारायचं एकच होतं : बाबा, माझ्याकडं राहायला येता का?

म्हणून ती फोनवर विचारायची. तिकडून तुकडे यायचे. “काय... यलीस? ...कू येई... गं.” मग फोन ठेवल्याचा आवाज. दर बाजाराला हेच. तिनं त्या एका उत्तरासाठी दुसरी खोलीसुद्धा झाडूनपुसून ठेवली होती.

एकदा मी वैतागलो. “सगळ्या दुनियेच्या लाइनी नीट करतेस, आणि बापाची तेवढी जमत नाही?”

भाकरी मोडता मोडता तिनं मला समजावलं. नेटवर्कवरून आवाज जातो तो बारीक तुकडे होऊन. फोन प्रत्येक तुकड्यावर ‘तातडीचा’ अशी खूण करून पाठवतो. वाटेतला स्विच, म्हणजे सगळ्या तारा जिथं जुळतात ती पेटी, ती खूण बघून त्याला पुढं काढतो आणि एक्स-रेच्या जाडजूड फायलींना थांबवतो. पण या फोनची खूण खरी मानायची, हे स्विचला आधी सांगून ठेवावं लागतं. न सांगितलं, तर काही स्विच खूण पुसतात आणि आवाजाला एक्स-रेच्या मागं उभा करतात. उशिरा पोचलेला तुकडा बोलण्यात बसत नाही, तो गेलाच.

“म्हणजे आपला दत्तराव,” मी म्हणालो. दत्तराव आमचा ओपीडीच्या दारावरचा शिपाई. कुणी ‘अर्जंट’ लिहिलेली चिठ्ठी आणली तरी तो म्हणतो, समदेच लिहून आणतेत, बसा मागं.

ती हसली. पोरगी हसते तेव्हा बरं वाटतं, पण हसते कुठं?

त्याच दुपारी तिनं परभणीत बसूनच दोन्हीकडचे स्विच तपासले. चारठाण्याचा नवा होता. बसवणाऱ्यानं फोनच्या खुणेचं काही सांगितलंच नव्हतं. बाजाराची गर्दी, एक्स-रेचा ढीग, आणि किशनरावांचा आवाज त्या ढिगामागं. चूक सापडली म्हणून मी खूश झालो, चहा सांगतो म्हणालो. ती मात्र स्क्रीनवरचे आकडे पुन्हा वाचत होती.

“आता काय झालं?”

“इकडचा स्विच पहिल्यापासून नीट आहे. इकडून जाणाऱ्या आवाजातलं काहीच गळालेलं नाही. फक्त तिकडून येणारा तुटत होता.”

माझ्या टाळक्यात प्रकाश पडायला वेळ लागला. तोवर तिनं केंद्रावर फोन लावला होता. बाजाराचा दिवस नव्हता, म्हणून स्पीकरवर प्रियांकाचं बोलणं धड आलं, “ताई, तुमचा आवाज तर लय साफ येतो इथं. बाबा फोनवर असले की पार दारापस्तोर ऐकू येतो.”

तिनं फोन ठेवला. चारठाण्याच्या स्विचला सांगायचं ते सांगितलं. त्या दिवशी तिच्या डब्यातली अर्धी भाकरी तशीच परत गेली, आणि मला माणसांचा फार राग आला, कुणाचा ते कळेना.

पुढच्या बाजाराला मी मुद्दाम तिच्या खोलीत थांबलो. तिनं स्पीकर लावला. किशनरावांचा आवाज इतका स्वच्छ आला की त्यांच्यामागं रडणारं लेकरूसुद्धा कळत होतं. बीपी बरा होता. वांगी महागली होती.

“तू जेवलीस का गं?”

“जेवले. बाबा, इथं राहायला येता का माझ्याकडं? एक खोली रिकामीच हाय.”

तिकडं ते लेकरू रडत होतं. किशनरावांचा श्वास ऐकू येत होता. मग त्यांनी सावकाश, एकेक अक्षर वर्गात सांगावं तसं सांगितलं, “काय म्हणायलीस सुके? कायबी ऐकू येईना बघ.”

सुकेशनीनं स्क्रीनकडं पाहिलं. एकही तुकडा गळालेला नव्हता.

“लाइन खराब हाय बाबा,” ती म्हणाली. “करते मी दुरुस्त.”

“कर सावकाश,” ते म्हणाले. “घाई न्हाई.”