तांडेलचा तळहात

आधीच सांगतो, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. मी नौदलातला सर्जन. रात्री डेकवर भूत पाहिलं म्हणणाऱ्या खलाशाला मी जुलाबाचं औषध देत असे, आणि दुसऱ्या दिवशी तो भुताचं नाव काढत नसे. तेव्हा मलाही तेच औषध द्यावं असं वाटलं तर खुशाल म्हणा... पण आधी वाचा.

लढाईच्या दिवसांत डॉक्टर होऊन मी थेट जहाजावर गेलो. खवळलेल्या समुद्रात ऑपरेशन करणं म्हणजे काय ते जमिनीवरच्या डॉक्टरांना सांगून कळत नाही. टेबल जमिनीला बोल्टने आवळलेलं असतं, डॉक्टर नसतो! म्हणून माझ्या मागे माझा मदतनीस उभा राही. गोविंद तांडेल, मालवणचा. त्याचं लक्ष गोल खिडकीतून लाटांवर. मोठी लाट यायच्या आत तो माझ्या पाठीवर तळहात दाबून धरी. हात टेकला की मी चाकू वर उचलायचा आणि पाय रोवायचे. हात निघाला की पुढचं काम. बोलायचं नाही, वळून बघायचं नाही. इतक्या वर्षांत त्याचा हात एकदाही चुकला नाही.

एकोणीसशे पन्नास साल उलटल्यावर नोकरी सोडली आणि चाकणला, सासुरवाडीच्या गावात, दवाखाना काढला. नाशिक रस्त्याला लागून दोन खोल्या. आज त्या भागात कंपन्या आहेत, तेव्हा कांद्याची वखार आणि शेतं. माझी बायको सुशीला शिकलेली नर्स, म्हणून माझं निभावलं. नाहीतर माझ्या तिरसट स्वभावाला कोण मदतनीस टिकणार होता!

थंडीचे दिवस होते. एका सकाळी धोंडिबा नावाचा शेतकरी बायकोला, चंद्राला, बैलगाडीतून घेऊन आला. जांघेत हर्निया, आत आतडं अडकलेलं, बाई उलट्या करून अर्धमेली. पुण्याला न्यायचं तर वाटेतच आतडं सडलं असतं.

"डाक्तर, पोरं ल्हान हायती," धोंडिबा म्हणाला. "अंगावर पिणारं हाय एक. वाचवा हो तिला."

दुपारी भर उजेडात ऑपरेशन सुरू केलं. सुशीला चंद्राच्या डोक्याशी, क्लोरोफॉर्म देत. धोंडिबा बाहेर ओट्यावर, तान्ह्याला घेऊन. खोलीत चौथं कोणी नव्हतं, हे नीट लक्षात घ्या.

या हर्नियात आतड्याला आवळणारी कड कापावी लागते, आणि तिच्या अगदी लगत मांडीची मोठी रक्तवाहिनी असते. चाकू जरा घसरला तर बाई डोळ्यांदेखत जाते. मी चाकू कडेला टेकवला... आणि पाठीवर तळहात दाबला गेला.

विचार करायला वेळच नव्हता. सवयीने चाकू वर, पाय घट्ट. आणि धडाम्! खिडक्या थडथडल्या, टेबल हललं, ट्रेमधली हत्यारं खाली पडली. शेजारच्या शेतात विहिरीचा सुरुंग उडवला होता. एरवी ते संध्याकाळी उडवत.

"हं, झालं. कापा आता," सुशीला म्हणाली.

पण हात निघाला नव्हता. तसाच, जड, उबदार.

"अहो, काय बघताय? आतडं काळं पडतंय! नाडी बिघडतेय तिची!"

मला दिसत होतं. घाम डोळ्यांत उतरत होता. सगळी अक्कल सांगत होती, काप. बाहेर त्या बाईचं तान्हं रडत होतं. आणि मी — शिकलासवरलेला सर्जन — एका नसलेल्या हाताच्या भरवशावर चाकू हवेत धरून उभा! आयुष्यात इतका घाबरलो नाही, बॉम्बहल्ल्यातसुद्धा नाही.

"अहो!" सुशीला जवळजवळ ओरडलीच.

तेवढ्यात दुसरा सुरुंग उडाला. पहिल्यापेक्षा मोठा. छताची माती खाली आली, सुशीला चंद्रावर ओणवी झाली.

मग हात निघाला. मी कड कापली. आतडं हळूहळू गुलाबी झालं.

संध्याकाळी विहिरीवरचा मुकादम हात जोडत आला. "दुसरा फुसका ग्येला आसंच वाटलं हुतं, डाक्तर. आमी तर बघाया निघालो हुतो. दोन पावलं म्होरं आसतो तर आमीच ग्येलो आसतो."

पहिल्या सुरुंगाचं मी समजू शकतो. त्यांनी आरोळी दिली असेल, नकळत माझ्या कानांवर पडली असेल. पण दुसरा उडणार हे तर लावणाऱ्यांनाही ठाऊक नव्हतं!

तुम्ही म्हणाल, तांडेल वारला असणार. छे! चांगला ठणठणीत होता. पुढे मालवणला गेलो तेव्हा त्याला भेटलो. चाकणला ऑपरेशन चालू असताना सुरुंग उडाले आणि पाठीवर तुझा हात जाणवला, एवढंच सांगितलं. तो पोट धरून हसला. "मी खंय येतलंय चाकणाक, सायबानु?"

मीही हसलो. चहा आला. कप माझ्या हातात देताना तो सहज म्हणाला, "बायल वाचली मां?"

जहाजावर आम्ही कधीच कुठल्या बाईचं ऑपरेशन केलं नव्हतं. आणि पेशंट बाई होती, हे मी त्याला सांगितलं नव्हतं.

"वाचली," मी म्हणालो. त्याने मान हलवली आणि समुद्राकडे बघत चहा प्यायला. तुला कसं कळलं, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. आता तर तांडेलच नाही.