दोन धारांमधली मुंबई

अनंत चतुर्दशीच्या सकाळी मी कडावहून निघाले तेव्हा आई गोठ्यात धार काढत होती. पाठीवरच्या पिशवीत जुना कॅमेरा होता. कर्जतच्या एका लग्नाच्या फोटोग्राफरने नवा घेतला, म्हणून त्याचा जुना माझ्याकडे आला. वर्षभर मुंबईला जायचं, प्रत्येक ऋतूत जायचं, तिथले सण आणि नावाजलेल्या जागा टिपायच्या, असं मी ठरवलं होतं. मी खालापूर तालुक्यातल्या एका शाळेत भूगोल शिकवते. शाळेच्या व्हरांड्यात हे फोटो लावायचे, हे मी मुख्याध्यापकांना सांगितलेलं कारण. खरं तर फोटो पहिल्यांदा एकाच माणसाने बघायचे होते, आणि ते माणूस त्या वेळी म्हशीखाली बसलेलं होतं.

आईने मुंबई पाहिलेली नव्हती. कर्जतहून दादर दोन तासांवर, तरीही. आमच्याकडे दोन म्हशी, मैना आणि तिची लेक साळू. एक आटली की दुसरी दुभती, त्यामुळे गोठा कधी रिकामा नाही. दोघीही एकहाती (एकाच माणसाच्या हाताला पान्हा सोडणाऱ्या). पहाटे पाचला आणि संध्याकाळी पाचला आईच लागते. मी बसले तर दूध चोरतात, बाबा बसले तर बादली उलटी होते. माझं सगळं शिक्षण या गोठ्यावर झालं. घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली, आणि मला कॉलेजला पाठवून आई मात्र त्या पाचच्या ठोक्याला बांधलेली राहिली.

शेजारच्या कमळकाकूने एकदा बाबांना उपाय सुचवला होता. "भावजी, वैनींचं लुगडं नेसून बसा की. म्हशीला काय कळतंय?"

बाबा गावच्या भजनात मृदंग वाजवतात. "गावात तोंड दाखवायला जागा ठेवशील का नाय?" असं म्हणून त्यांनी काकूशी दोन दिवस बोलणं टाकलं.

आईने मात्र कधी तक्रार केली नाही. "दोन धारांच्या मधी जेवढं दिसंल तेवढं आपलं," एवढंच म्हणायची.

पहिल्या दिवशी मी गिरगाव चौपाटीवर गेले. दुपारपासून मोठ्या मूर्ती येत होत्या. गर्दीत कॅमेरा डोक्यावर धरून बटण दाबत राहिले, त्यामुळे निम्म्या फोटोंत लोकांचे हातच आले. एक बरा निघाला. मूर्ती छातीभर पाण्यात आहे, आणि मागे पाणीच पाणी. दुसऱ्या दिवशी आईला तो दाखवला. आधी तिने गर्दी पाहिली.

"एवढी माणसं? यांच्या घरी गुरं नाय का गं?"

मग मूर्तीच्या मागे बोट ठेवलं. "आणि हे पाणी कुठवर हाय?"

"दिसेल तिथवर."

"पलीकडला काठ?"

"दिसत नाही."

आईने फोटो डोळ्यांजवळ धरला. "मग ते येकदा बघाया पायजे," म्हणाली. मुंबईतलं दुसरं काहीही बघायचं आहे असं ती त्या वर्षात कधी म्हणाली नाही. दिवाळीत मी माहीमच्या कंदिलांच्या गल्लीतले फोटो आणले. ते तिने चांगले म्हटले आणि गिरगावचा फोटो पुन्हा मागितला.

नाताळच्या सुट्टीत मी आईला समुद्रावर न्यायचा बेत आखला. सातला घरातून निघायचं, साडेदहा-अकरापर्यंत वरळी कोळीवाडा, एकला परत, चारला घरी. चतुर्थीला आणि एकादशीला आईचा उपास, म्हणून ते दिवस सोडले आणि मधला एक मोकळा दिवस धरला. आईने ठेवणीतली साडी नेसली. प्रवासात भाकरी आणि वालाची उसळ खाल्ली. डब्यात जागा होती, पण ती खिडकीशी बसली नाही. दाराजवळच्या बाकावर बसली, उतरताना घाई नको म्हणून.

कोळीवाड्याच्या गल्ल्यांतून आम्ही काठावर आलो. समोर काळे खडक, खडकांत डबकी, आणि मधेमधे चिखल. एक होडी कुशीवर पडलेली. पाणी त्याही पलीकडे, गढूळ आणि गप्प.

"समुद्र कुठं हाय?" आईने विचारलं.

"तो काय, समोर."

"ते व्हय?" आईने पदराने तोंड पुसलं. "आपली उल्हास नदी पावसात याच्याहून मोठी दिसते गं."

मागे एक कोळीण जाळं दुरुस्त करत बसली होती. तिचं नाव चंदाबाई, हे नंतर कळलं. ती जाळ्यातून मान वर न करता म्हणाली, "आज काय बघाया आयलाव बाय? आज अष्टमी. भांगाचं पाणी हाय. धड येत नाय, धड जात नाय." भांग म्हणजे भरती आणि ओहोटी दोन्ही कमी असण्याचे दिवस.

"लेकीने आणलं," आई म्हणाली. "ती शाळेत शिकवते."

"काय शिकवतेस गो?"

"भूगोल," मी म्हटलं.

चंदाबाईने आता मान वर केली. "मंग पोरांना दर्या शिकवतेस का सोडून देतेस?"

मी दर वर्षी फळ्यावर सूर्य, पृथ्वी आणि चंद्र काढते. उधाणाची भरती, भांगाची भरती, बाण कुठून कुठे, सगळं पाठ आहे. परीक्षेत हाच प्रश्न घालते. आणि आईला आणायचा दिवस मात्र मी शाळेच्या सुट्टीच्या कागदावरून काढला होता. आमच्या गावात पाणी येतं ते पावसाने आणि कालव्याने. समुद्राच्या पाण्याची रोजची वेळ असते हे मला पाठ होतं, पण खरं वाटत नव्हतं, असं म्हणावं लागेल.

"तिथीची पाऊणपट करायची," चंदाबाईने सांगितलं. "आज आठ. पाऊणपट सहा. म्हंजे सहाला भरती. सकाळी पन, सांजंला पन. बारा वाजता दर्या बघाया आयलाव तर काय दिसंल?"

मी मनात हिशेब लावत होते तोवर आई म्हणाली, "म्हंजे पुनवेला सव्वाअकरा."

"बराबर. थोडं मागंपुढं. आणि उधाण. भिंतीला लागतं पानी."

"पुनव दोन धारांच्या मधी बसते गं," आई माझ्याकडे वळून म्हणाली.

परतीच्या गाडीत मी खिडकीबाहेर बघत बसले. आई शेंगदाणे सोलत होती. वांगणी गेल्यावर म्हणाली, "तोंड कशाला पाडतेस? तू तारीख बघितलीस, तिथी नाय बघितलीस. येवढंच झालं."

त्यानंतर माझ्या फोटोंची तऱ्हा बदलली. मुंबईत पोचले की घरी फोन करायचा, "आई, आज काय?" आणि तिने तिथी सांगायची. फेब्रुवारीत शिवडीला रोहित पक्षी (उंच पायांचे गुलाबी पाणपक्षी) टिपायला गेले त्या दिवशी पंचमी होती. म्हणजे भरती पावणेचारच्या सुमारास. मी दीडलाच जाऊन बसले. पाणी चढू लागलं तसे दूर चिखलात असलेले पक्षी पावलापावलाने काठाकडे सरकले. शेजारी मोठ्या भिंगांचे कॅमेरे घेतलेले तिघे होते. त्यातला एक म्हणाला, "मॅडम, तुम्ही वेळ बरोबर गाठलीत. कुठल्या ॲपवर बघता?"

"आईला विचारते," मी म्हटलं. त्याला ते खरं वाटलं नसावं.

गुढीपाडव्याला गिरगावात शोभायात्रा होती. नऊवारी नेसून, फेटे बांधून बायका मोटारसायकली चालवत होत्या. तो फोटो आईने बाबांच्या पुढे धरला. "बघा. लुगडं नेसून गाडी चालवतात. तुमाला नुसतं बसायचं व्हतं." बाबांनी मृदंग उचलला आणि चामड्यावरची शाई तपासायला ओटीवर नेला.

मे महिन्यात बोरीबंदरच्या स्टेशनाची दगडी नक्षी टिपायला गेले. मी तिपाई लावताच पहारेकरी आला आणि परवानगी विचारू लागला. माझ्याकडे ती नव्हती. मग त्याने गाव विचारलं. मी कडाव सांगितल्यावर म्हणाला, "माझी बहीण दिलीय तिकडं, शेलूला. तिपाई घडी करा आणि हातात धरून काढा. हातातल्याला मी काय म्हणणार?" ऊन डोक्यावर होतं. दगडातली माकडं, मोर आणि घुबडं एकेक करून टिपली. जुलैत नरिमन पॉइंटला उधाणाच्या लाटांचे फोटो काढताना एक लाट कठड्यावरून थेट माझ्यावर आली. कॅमेरा वाचला. भिंगावरचा खार काढायला मात्र चार दिवस गेले.

पण आईची पुनव काही येईना. दर पौर्णिमेला काहीतरी आडवं यायचं. एकदा वालाची काढणी, एकदा माझी परीक्षा-ड्युटी. चैत्रात साळू व्यायली. मग लावणी. शेवटी श्रावणात लावणी उरकली, आणि नारळी पौर्णिमेला शाळेला सुट्टी होती. आदल्या दिवशी आईने बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, "पाचला आलीस म्हंजे झालं."

आईने दोन किलो कडवे वाल बांधून घेतले, चंदाबाईसाठी. सव्वाअकराला थोडा वेळ असताना आम्ही त्याच काठावर उभ्या होतो. खडक नव्हते, चिखल नव्हता, कुशीवरची होडी तरंगत होती. पाणी खरोखरच भिंतीला लागलं होतं. दर लाटेला पायाखालचा दगड थरथरत होता. उजवीकडे सागरी सेतू, आणि समोर काही नाही.

आईने चपला काढल्या. मग म्हणाली, "पलीकडला काठ नायच की गं."

कोळीवाड्याची नारळाची मिरवणूक संध्याकाळी निघणार होती. पण भरती आत्ता होती, म्हणून आईने नारळ आत्ताच सोडला. मी तिचे तीन फोटो काढले. एकातही चेहरा नाही. तिने पाण्याकडची मान वळवलीच नाही.

चंदाबाईने आम्हाला ओळखलं. "आता बराबर आयलाव," म्हणाली. ओल्या नारळाच्या करंज्या दिल्या आणि निघताना सुक्या जवळ्याची (बारीक कोलंबीची) पुडीही दिली. आईचा श्रावण होता. तिने पुडी पिशवीच्या तळाशी ठेवली, गौरी-गणपती झाल्यावर खायला.

दादरला आलो तेव्हा पाऊस कोसळत होता. उधाणाची भरती असली की शहरातलं पाणी समुद्रात जात नाही, रुळांवर चढतं. हेसुद्धा मी शिकवते. ज्या पाण्याने आईला समुद्र दाखवला, त्यानेच आमची गाडी अडवली. दोन वाजले, तीन वाजले. आई फलाटावरच्या घड्याळाकडे बघत होती. चार वाजता मी बाबांना फोन केला.

"बाबा, उशीर होणार. किती ते सांगता येत नाही."

पलीकडे साळूचं हंबरणं ऐकू आलं. बाबा एवढंच म्हणाले, "या सावकाश," आणि फोन ठेवला.

"सावकाश कशी येऊ?" आई म्हणाली. "कास तटंल तिची." पुढचे दोन तास तिने समुद्राचा एक शब्द काढला नाही. मला वाटत राहिलं, की मी तिला एक गोष्ट दाखवली आणि तिच्या अंगावर अपराध घातला. कर्जतला उतरून रिक्षाने कडावला पोचलो तेव्हा साडेसात झाले होते. आई घरात न जाता थेट गोठ्याकडे गेली. मी मागे धावले.

गोठ्यात दिवा होता. साळूखाली आईचं हिरवं लुगडं नेसलेलं कुणीतरी बसलं होतं, डोक्यावर पदर. बादली फेसाने भरली होती. म्हैस रवंथ करत होती. भिंतीला टेकून कमळकाकू उभी होती. "काष्टा मी घालून दिला," तिने हळूच सांगितलं.

बाबांनी मान वळवली. आधी आईकडे पाहिलं, मग माझ्या पिशवीकडे. "तो कॅमेरा काढू नको हां," म्हणाले.

मी काढला नाही. आई हसली नाही. ती जवळ गेली, खाली वाकून कास बघितली आणि म्हणाली, "बोटांनी नका वढू. मुठीनं काढा. धार सरली का नाय बघू?"

"सरली," बाबा म्हणाले.

शाळेच्या व्हरांड्यात आता ते वर्ष लागलेलं आहे. प्रत्येक फोटोखाली मी जागेच्या नावाबरोबर तिथी लिहिली आहे, आणि जिथे समुद्र आहे तिथे भरतीची वेळ. मुलं पाऊणपट करून ती तपासतात, चुकली तर मला सांगायला येतात. त्यातला सगळ्यात चांगला फोटो आईच्या पाठीचा आहे. त्याच दिवसाचा गोठ्यातला फोटो मी काढलेला नाही. पण वर्षभर मुंबईत फिरून जे हवं होतं ते मला आमच्या गोठ्यात मिळालं, हे इथे लिहून ठेवते.

त्या संध्याकाळी आई हातपाय धुऊन घरात आली आणि भिंतीवरचं कॅलेंडर उलटू लागली. "कोजागिरी कुठल्या वारी पडते गं?" तिने विचारलं.

गोठ्यातून बाबांचा आवाज आला. "आधी हे लुगडं सोडाया ये कुणीतरी."