खडीचं विरजण

कानिफनाथनानांनी उभा जन्म दूध संकलन केंद्रावर कॅन धुतले. उकळतं पाणी, धुण्याचा सोडा, काथ्या. त्यांनी घासलेल्या कॅनमध्ये बघून दाढी करावी! रिटायर झाल्यावर माणसं पारावर बसतात. नानांनी परसात तळं खोदलं. पंप तळ्याचं पाणी खडीनं भरलेल्या ड्रममध्ये चढवायचा, तिथून ते दगडांवरून धबधबा होऊन खाली यायचं. आत लाल मासे.

पाणी गाळायचं काम खडीचं. नाना दर आठवड्याला ती कॅनसारखी उकळून, सोडा लावून घासायचे. खडी मोत्यासारखी आणि पाणी पालकाच्या भाजीसारखं.

शेवटी नानांच्या बायकोनं, मालनबाईंनी, मला बोलावलं. गावातले तंटे माझ्याकडेच येतात, कारण मी कुणाच्या बापाला भीत नाही.

"भाऊ, ह्यांना सांगा. दिवाळीपातूर तळ दिसला तर तळं ऱ्हाईल. न्हाईतर त्यात शेण टाकते म्हशीचं."

"नाना, सोडा बंद करा," मी आवाज चढवला.

"तू पुढारी. तुला धुन्यातलं काय कळतंय?"

मला पुढारी म्हटलं की माझं डोकं फिरतं. मी चप्पल घालून निघालोच होतो, तेवढ्यात मालनबाई आतून रिकामं मडकं घेऊन आल्या.

"अवो, दह्याचं मडकं बी घासलं? इरजन धुतलं माझं! आता दूध कशानं इरजू, तुमच्या डोक्यानं? शेजारच्या राजेश्वरीकडं मागायची सोय न्हाई, माझा पितळी तांब्या चोरलाय तिनं!"

नाना हातातल्या खडीकडं बघत राहिले. चप्पल काढून मी परत बसलो.

"नाना, खडीवर बुळबुळीत थर धरतो ना, माशांची घाण तोच खातो. तेच तळ्याचं विरजण. तुम्ही दर आठवड्याला ते धुताय!"

"आरं तिच्या..." नाना एवढंच म्हणाले.

तेव्हापासून एका वेळी अर्धीच खडी धुवायची, तीही तळ्याच्याच पाण्यात नुसती खळबळून. बाकीची तशीच बुळबुळीत. दिवाळीच्या तोंडावर पाणी निवळलं. मालनबाई पदर खोचून काठावर वाकल्या. मासे दिसले, तळ दिसला. आणि तळाशी, मजेत आडवा पडलेला, पितळी तांब्या.

मालनबाईंनी मान वळवून नानांकडं बघितलं.

"घासताना सुटला हुता हातनं," नाना माझ्या कानाशी आले. "हिरवं हुतं तवर बरं हुतं रं, पुढारी."

या वेळी मी पुढारीही ऐकून घेतलं. हसू आवरत नव्हतं.

मालनबाईंनी कंबरेवर हात ठेवले. "तळं ऱ्हाऊ द्या. पर तांब्या घेऊन राजेश्वरीची माफी मागायला तुमीच जायाचं. आन् येताना इरजन आना. इकतच्या दह्याला चव न्हाई."