मी न पाहिलेला कार्यक्रम

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही, आणि ज्या माणसाला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — की ओळखता? पनवेलचे असाल तर आधीच सांगा. नाही, राहू दे. सुरुवात केलीच आहे तर सांगून टाकतो.

मी कस्टम क्लिअरिंगच्या एका ऑफिसात अठ्ठावीस वर्षं काढली. न्हावा शेवाच्या बंदरात कंटेनर उतरतो, कागदावर लिहिलेलं असतं ‘प्लास्टिकची खेळणी’. आत खरंच खेळणी आहेत, की वर दोन खोके खेळण्यांचे आणि खाली भलतंच काही, हे आधीच ताडायची मला सवय. त्यामुळे माणूस भेटला की मी त्याच्या बोलण्याचेही खोके उघडून बघतो. दूधवाला दोन दिवस गोड बोलला तर तिसऱ्या दिवशी दुधात पाणी येणार असं मला वाटतं. बायको म्हणते, तुम्ही देवळातला प्रसादसुद्धा हुंगून बघाल. खोटं नाही ते.

पण आधी ती जोडी. इंग्लंडातले दोघं — नाव घेत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. एक गातो, दुसरा कीबोर्डमागे उभा राहतो. बास. ना गिटार, ना केस उडवणारा ड्रमवाला. गाणाऱ्याचा आवाज असा, की कुणी रेल्वेची सूचना वाचून दाखवतंय. आणि तरी कडव्याच्या शेवटाला पाय ठेका धरतात आणि डोळे भरून येतात, असं दुसऱ्या कुणाच्या गाण्यानं मला कधी झालं नाही. कॉलेजात असताना यांची कॅसेट ऐकतो म्हणून मुलं मला हसायची. मी हसू दिलं. हे एकच माझं होतं, त्यात कुणी वाटेकरी नको होता.

पुढे वाटेकरी मिळाले. खांदा कॉलनीत वसुधाताई राहायच्या, अजून राहतात. फिजिक्सच्या प्राध्यापक, नवरा बोटीवर, घरात मोठ्ठा ॲम्प्लिफायर आणि दोन स्पीकर. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी चार वाजता त्यांच्या हॉलमध्ये आम्ही सात-आठ जण जमायचो. साधारण दोन हजार चार-पाचची गोष्ट. गाणी ऐकायची, मग चहा, मग वाद. वाद एकच — हे दोघं टिकले कसे? त्यांच्या बरोबरचे सगळे गेले, हे राहिले. वसुधाताई म्हणायच्या, ते कधी तरुण असल्याचं नाटक करत नाहीत म्हणून. केदार नावाचा बेलापूरला कॉल सेंटरमध्ये काम करणारा पोरगा म्हणायचा, दर पाच वर्षांनी कुणीतरी त्यांची गाणी नव्या ठेक्यात घोळवतं म्हणून. त्यानं आयुष्यात कॅसेट विकत घेतली नव्हती, सगळं डाऊनलोड. मला तो पहिले सहा महिने भुरटा वाटायचा. दोन मुलगे कायम एकत्र यायचे, मागच्या सोफ्यावर बसायचे, एकत्र निघायचे. ते जोडपं होतं आणि ती गाणी आमच्यापेक्षा त्यांची जास्त होती, हे ताईंना माझ्या आधी कळलं. मला कळलं तेव्हा मी त्यांच्याकडेही तिरक्या नजरेनं बघितलं. ऐकणारे बदलत होते, आणि मला प्रत्येक नवा माणूस घुसखोर वाटत होता. का? कारण माझ्याकडे राखायला एक जागा होती.

आमच्यात पद्धत होती — नवा माणूस आला की त्यानं आपलं ‘पहिलं ऐकणं’ सांगायचं. कुठे ऐकलं, कुणाबरोबर, तेव्हा काय चाललं होतं. आणि सगळ्यांचं झालं की कुणीतरी म्हणायचंच, “श्रीकांत, आता तुमचं लंडनचं सांगा.”

लंडनचं म्हणजे — मी त्यांना प्रत्यक्ष बघितलं होतं. कंपनीनं सहा आठवड्यांच्या ट्रेनिंगला पाठवलं होतं तेव्हा. गाणारा स्टेजभर कसा धावला, शेवटच्या गाण्याला खाली लोकांत कसा उतरला, माझ्यापासून चार हातांवर कसा आला. मी सांगायचो आणि सगळ्यांच्या हातातला चहा निवून जायचा. स्पीकरसमोरची वेताची खुर्ची माझ्यासाठी मोकळी ठेवायचे. आतापर्यंत तुम्ही ओळखलं असेलच. मी गेलोच नव्हतो. ट्रेनिंग खरं, लंडन खरं, त्या आठवड्यात त्यांचा कार्यक्रम होता हेही खरं. तिकीट परवडत होतं. पण एकट्यानं जायची, अनोळखी गर्दीत उभं राहायची, परत यायची वाट चुकायची भीती वाटली. खोलीवर बसून घरून नेलेला चिवडा खाल्ला. परत आल्यावर एकानं विचारलं, “गेला होतास का रे?” आणि मी हो म्हणालो. एक अक्षर. पुढचं सगळं त्या अक्षराला जागा करून देण्यासाठी रचत गेलो.

यात कुणाचं काय बिघडलं, असं तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हणायचो.

मग इक्बाल आला. पनवेलच्या जुन्या बाजारात त्याचं इलेक्ट्रिकचं दुकान — मिक्सर, पंखे, टेपरेकॉर्डर दुरुस्ती. कोकणी मुसलमान, इथलाच, मधली बारा वर्षं दुबईत काढून परतलेला. ताईंचा ॲम्प्लिफायर सतत गुणगुणायला लागला होता, तो बघायला आला आणि शेल्फावरच्या कॅसेटी बघून तिथेच मांडी घालून बसला. ताई म्हणाल्या, पहिल्या रविवारी या.

आला. इस्त्रीचा शर्ट, हातात खजुराचं पुडकं. पहिलं ऐकणं सांगा म्हटल्यावर लाजला. म्हणाला, दुबईत एका मोठ्या हॉलमध्ये लाईटच्या कामाला होता. तिथे या दोघांचा कार्यक्रम झाला.

“मी काय बगितला नाय तसा,” तो म्हणाला. “आपली ड्युटी स्टेजच्या पाठी. त्यांची तोंडा दिसलीच नाय, पाठ दिसली. पण लोकांची तोंडा दिसली ना! म्होरं गोरे, पन्नाशीचे, बायका-पोरांना घेऊन आलेले. त्यांच्या पाठी फिलिपिनो, हॉटेलातली पोरा-पोरी. अन् एकदम पाठी आपले — केरळचे, आपल्या इथले. एकाला गाण्यातला एक अक्षर समजत नसेल, पण रडत व्हता. अन् तो गाणारा, कसम से, जागचा हलला नाय. दोन तास. म्हणून वाटतो टिकला. सगळे त्याच्याकडं येतात, तो कोणाकडं जात नाय.”

इतकी वर्षं आम्ही जे शोधत होतो ते या माणसानं स्टेजच्या मागून बघितलं होतं. मग केदार माझ्याकडे वळला. “काका, तुम्ही तर म्हणता तो स्टेजभर धावतो.”

मी तोंड उघडायच्या आत इक्बालच म्हणाला, “तवा जवान असेल. लंडनमध्ये धावला असेल.”

माझी सुटका झाली होती. दुसऱ्या कुणी मनातल्या मनात त्याचे पाय धरले असते. मी काय केलं? मी विचार करत बसलो — यानं मला का वाचवलं? याला काय हवंय? पुढचे चार-पाच महिने मी हेच केलं. तो म्हणाला, “साहेब, तुमी कुठल्या बाजूला उभे व्हतात?” — मला वाटलं, उलटतपासणी. त्यानं दुबईहून आणलेली एक कॅसेट मला भेट दिली, मी ती उलटसुलट करून बघितली, आत चिठ्ठी तर नाही ना. तो हसला तरी मला टोमणा वाटायचा, गप्प बसला तरी डाव. आज वाटतं, तो फक्त दुसऱ्या माणसाशी बोलू बघत होता, ज्यानं ते बघितलंय असं त्याला वाटत होतं. त्याच्या दुकानात या गाण्यांबद्दल बोलायला होतं तरी कोण?

मग ते रेडिओचं निघालं. केदारची एक मैत्रीण एफएमवर काम करायची. तिला कार्यक्रम करायचा होता — या जोडीला वीस वर्षांनी कोण ऐकतं? ती रेकॉर्डर घेऊन ताईंकडे येणार होती. आणि ताईंनी ठरवलं, ज्या दोघांनी प्रत्यक्ष बघितलंय ते शेजारी शेजारी बसून बोलतील. मी आणि इक्बाल. एकाच टेपवर.

मी तीन दिवस नीट जेवलो नाही. आता जे सांगायचं आहे ते — थांबा. चहा घेऊन येतो असं म्हणून उठावंसं वाटतंय. पण नाही, आता उठलो तर परत बसणार नाही.

बॉम्बस्फोटांनंतरचे ते दिवस तुम्हाला आठवत असतील. सोसायट्यांच्या गेटवर नुकतीच रजिस्टरं आली होती. येणाऱ्याचं नाव, कुणाकडे, कशासाठी. बेवारस वस्तूला हात लावू नका, अशा पाट्या. रेकॉर्डिंगच्या रविवारच्या आधी शुक्रवारी मी ताईंच्या सोसायटीच्या सेक्रेटरीला गाठलं. ओळखीचा होता. इकडचं तिकडचं बोललो आणि निघता निघता म्हणालो, “तिसऱ्या मजल्यावर हल्ली एक जण येतो. बॅगेत वायरी असतात. दुबईला होता म्हणतो, कुठे होता देव जाणे. मला काही म्हणायचं नाही, पण तुम्ही जबाबदार माणूस आहात.” मग त्यानं विचारलं म्हणून नाव सांगितलं. बाकीचं काम नावानं केलं. ते नाव तसं काम करेल हे मला ठाऊक होतं — अगदी नीट ठाऊक होतं.

रविवारी चारला पाच मिनिटं असताना मी ताईंच्या बाल्कनीत उभा होतो. इक्बाल गेटवर आला. वॉचमननं अडवलं. सेक्रेटरी आला, आणखी दोघं आले. बॅग रिकामी करायला लावली. कॅसेटी, वायरीचं भेंडोळं, सोल्डरिंगचं पेन — ताईंचा ॲम्प्लिफायर अजून गुणगुणत होता, तेवढ्यासाठी आणलेलं. कुणीतरी त्याचा दंड धरला. त्यानं हात वर करून आमच्या मजल्याकडे बोट दाखवलं. मग मी त्याला दिसलो. तो ओरडला नाही, नुसता बघत राहिला. मी जिने उतरून “अहो, आमचा माणूस आहे” एवढं म्हटलं असतं तर संपलं असतं. मी आत आलो आणि बाल्कनीचं दार लावून घेतलं. ताई स्वयंपाकघरात होत्या, त्यांनी विचारलं, “इक्बाल नाही आले अजून?” मी म्हणालो, “रस्त्यात ट्रेलर अडकले असतील.”

त्याला पोलीस चौकीवर नेलं. तीन तास बसवलं, मग सोडलं. हे ताईंना दुसऱ्या दिवशी वॉचमनकडून कळलं. त्या सेक्रेटरीशी भांडल्या, पण त्यानं माझं नाव सांगितलं नाही. मग इक्बालच्या दुकानात गेल्या, तर त्याच्या भावानं सांगितलं की तो नाही. तीनदा गेल्या, तीनदा नव्हता.

आणि रेकॉर्डिंग? ते झालं. मी एकटाच बसलो. त्या मुलीनं विचारलं, हे दोघं टिकले कसे? आणि मी सांगितलं — तो गाणारा जागचा हलत नाही, दोन तास हलला नाही, सगळे त्याच्याकडे येतात. मी सांगितलं, पुढे पन्नाशीचे गोरे होते, मागे हॉटेलांत काम करणारी मुलं, आणि अगदी शेवटी आपले लोक, त्यातला एक रडत होता. केदारनं माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. रेडिओवर तेवढाच भाग लागला. ऑफिसात सगळ्यांनी माझं कौतुक केलं. मला छान वाटलं. हे सांगताना लाज वाटते, पण त्या दिवशी छान वाटलं होतं.

त्यानंतर जुन्या बाजारातून जायचं मी टाळत आलो. पण सहा-सात वर्षांनी एका लग्नाच्या मांडवात गाठ पडली. तो तिथे लाईटचं काम बघत होता. केस पिकलेले. मला बघून शिडीवरून उतरला, हात पुसून पुढे केला.

“रेडिओवर ऐकला तुमाला,” तो म्हणाला. “चांगला बोललात.”

त्यात टोमणा होता का? मी ते वाक्य आजपर्यंत शंभरदा उलटंसुलटं करून बघितलं. काही सापडत नाही. मग त्यानं जरा आवाज खाली करून विचारलं, “साहेब, त्या दिवशी माझा नाव खाली कोणी दिला, कधी कळला काय?”

मी म्हणालो, “नाही.”

“मला वाटतो ताईंनीच. त्यांच्या घरची बात ना. घाबरल्या असतील, बाईमाणूस. मी मनात नाय ठेवला. पण मग परत जाववला नाय. त्या दुकानात आल्या व्हत्या, तवा मी आतच व्हतो.”

तो माझ्याकडे बघत थांबला. मी मान डोलावली. हो, अशी.

वसुधाताई अजून अधूनमधून विचारतात, इक्बालनं आपल्याशी का तोडलं असेल. दोघांच्या मध्ये रिक्षानं दहा मिनिटांचं अंतर आहे. मी म्हणतो, काय माहीत, ताई.